हातातली विद्या ओठांवर का येत नाही?

आपल्या व्यवसायात एक अनुभव बहुतेकांना आलेला असतो. नुकतीच पदवी घेतलेला तरुण वैद्य किंवा औषधनिर्माणशाळेत नव्याने रुजू झालेला उमेदवार एखाद्या जाणत्या व्यक्तीस विचारतो, "हे आपणास कसे कळले?" जाणती व्यक्ती क्षणभर थांबते आणि म्हणते, "सवयीने कळते. तुम्हालाही येईल." विचारणाऱ्याचे समाधान होत नाही आणि सांगणाऱ्यालाही आपण काही सांगितले असे वाटत नाही. दोघेही प्रामाणिक असतात. तरीही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही.

ज्याला एखादे कर्म उत्तम येते त्यालाच ते नवशिक्याला समजावून सांगणे अवघड का जावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वरवर पाहता हा शिक्षणशास्त्राचा प्रश्न वाटेल. परंतु ज्यांची रसशाळा एखाद्या वयस्क कारागिराच्या हातावर चालते, किंवा ज्यांच्या चिकित्सालयात आंतरवासीय विद्यार्थी येऊन बसतात, त्या सर्वांच्या दृष्टीने हा प्रश्न औषधाच्या गुणवत्तेचा आणि म्हणून रुग्णाच्या हिताचा आहे.

एका घरातील विद्या दोन घरांत गेली

पनवेलच्या वैद्यांना हा विषय परका नाही. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेल येथे श्री धूतपापेश्वर या औषधनिर्मिती संस्थेची स्थापना केली. कोलकात्याची डाबर (१८८४) आणि कोट्टक्कलची आर्य वैद्यशाला (१९०२) या नावाजलेल्या संस्थांच्याही आधीची ही घटना आहे. शास्त्रोक्त औषध तयार स्वरूपात, मोठ्या प्रमाणावर आणि दूरच्या वैद्यालाही मिळू लागणे हा आयुर्वेदाच्या आधुनिक इतिहासातील मोठा टप्पा होय. खेड्यापाड्यांतील कितीतरी वैद्यांना त्यामुळेच रसौषधी वापरता आल्या.

या बदलाची दुसरी बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. पूर्वी वैद्य आपली औषधे स्वतःच्या घरी करीत असे. शिष्य त्याच घरात राही. काढा आटताना, तेल सिद्ध होताना, पुट देताना तो समोर असे, आणि तेच औषध रुग्णास दिल्यावर काय झाले हेही पाहात असे. निर्माण आणि उपयोग या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली शिकल्या जात. औषधनिर्मितीचे कारखाने झाल्यावर औषध लिहून देणारा एक झाला आणि औषध करणारा दुसरा झाला. वैद्याच्या हातून पाकज्ञान सुटले. कारागिराच्या हाती ते राहिले, पण त्याच्याजवळ ग्रंथाची परिभाषा नव्हती. ज्याच्याजवळ शब्द आहेत त्याच्याजवळ हात नाही, आणि ज्याच्याजवळ हात आहे त्याच्याजवळ शब्द नाहीत, अशी ही स्थिती आहे.

सुश्रुताचार्यांनी केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा या दोघांनाही एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. आज आपण हे दोन पंख दोन वेगळ्या माणसांना वाटून दिले आहेत.

आणि आता दुसराही पंख क्षीण होत आहे. रसशाळेत भट्टीजवळ उभे राहून तीस-चाळीस वर्षे काढलेली पिढी निवृत्त होत आहे. तिच्या घरातील मुले तळोजा औद्योगिक वसाहतीत, १९८९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या कामांवर किंवा ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात काम शोधतात. त्यात त्यांचा दोष नाही. परंतु कढईतील तेल केव्हा उतरवायचे हे ज्याला कळते तो माणूस घरी बसला, की त्याच्याबरोबर काय गेले याची नोंद आपल्यापैकी फार थोड्या मालकांजवळ असते.

ग्रंथ कोठपर्यंत येतो?

स्नेहसिद्धीचे उदाहरण घेऊ. शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडात कल्क, स्नेह आणि द्रव यांचे सामान्य प्रमाण एकास चार आणि सोळा असे दिले आहे. स्नेह सिद्ध झाल्याची लक्षणेही स्पष्ट आहेत. कल्काची बोटांनी वळून वात होते, ती अग्नीवर टाकली असता आवाज होत नाही, तेलावर फेस येतो, तुपावरचा फेस शमतो, आणि औषधी द्रव्यांचा गंध, वर्ण व रस स्नेहात उतरतो. मृदू, मध्यम आणि खर असे पाकाचे भेद सांगून नस्यासाठी मृदू, अभ्यंगासाठी खर आणि सर्व कर्मांसाठी मध्यम पाक असा उपयोगही सांगितला आहे. आमपाक वीर्यहीन आणि दग्धपाक निरुपयोगी ठरतो.

इतके स्पष्ट वर्णन असताना नवशिक्याची अडचण कोठे होते? प्रथम फेसाचेच पाहू. काढा उकळू लागला की पहिल्या तासातही कढईत भरपूर फेस असतो. ग्रंथ वाचून आलेला विद्यार्थी तो पाहून गोंधळतो. सिद्धीच्या वेळचा बारीक, दाट फेस वेगळा असतो. पण 'वेगळा' म्हणजे कसा, हे दोन्ही फेस पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दुसरी गोष्ट वातीची. कल्काची वात मृदुपाकातही होते आणि मध्यम पाकातही होते. मृदुपाकात बोटाला किंचित ओल लागते, मध्यम पाकात ओल गेलेली असते पण मऊपणा राहिलेला असतो, आणि खरपाकात कल्क कणीदार होऊ लागतो. ही ओल किती, हे बोटच ठरविते.

तिसरी गोष्ट ग्रंथात स्वतंत्रपणे येत नाही, पण प्रत्येक कारागिराला ठाऊक असते. मोठी कढई चुलीवरून उतरविल्यावरही भांड्यातील उष्णतेमुळे पाक पुढे चालूच राहतो. म्हणून वीस लिटरच्या कढईसाठी जो क्षण योग्य, तो दोनशे लिटरच्या कढईसाठी उशिराचा ठरतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अर्धा लिटर तेल सिद्ध केलेल्या पदवीधराला हा फरक कळण्याची संधीच मिळालेली नसते.

भट्टीजवळचा नेहमीचा संवाद पाहा. उमेदवार विचारतो, "काका, आच कधी कमी करायची?" उत्तर येते, "अरे, तेल बोलायचं थांबलं की." काकांच्या दृष्टीने हे संपूर्ण उत्तर आहे. त्यांच्या कानाला पाण्याचा अंश असतानाचा तडतडाट, तो विरळ होत जाणे आणि शेवटची शांतता हे तीन स्पष्ट टप्पे ऐकू येतात. उमेदवाराला एकच सलग आवाज ऐकू येतो. दोघे एकाच कढईशेजारी उभे आहेत, पण एकच गोष्ट ऐकत नाहीत.

आता औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची 'टी'कडे पाहू. २००० साली आलेल्या या अनुसूचीने आयुर्वेदीय औषधनिर्मितीत स्वच्छता, नोंदी आणि गुणवत्ता नियंत्रण यांची चौकट आणली. ती आवश्यकच होती. तथापि आपल्या अनेक निर्मिती-नोंदींत घटकद्रव्यांची मापे ग्रॅमपर्यंत अचूक असतात आणि पुढे एकच वाक्य असते : 'मंद अग्नीवर पाक सिद्ध होईपर्यंत शिजवावे.' सारे कौशल्य त्या एका वाक्याआड उभे असते. कागद पूर्ण होतो, विद्या मात्र त्यात आलेली नसते.

तज्ज्ञाला सांगता का येत नाही?

या अडचणीमागे माझ्या मते चार कारणे आहेत आणि ती एकमेकांपासून वेगळी ओळखणे उपयुक्त आहे.

१. पायऱ्या एकमेकींत मिसळतात. शिकताना माणूस एकेक खूण स्वतंत्रपणे पाहतो. सरावाने त्या खुणांचा एक पुंजका बनतो आणि तो एकदमच ओळखला जातो. चेस आणि सायमन या संशोधकांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातील मांडणी केवळ पाच सेकंद दाखविली तरी निष्णात खेळाडूने ती नवशिक्यापेक्षा कितीतरी चांगली आठवून मांडली. मात्र सोंगट्या अस्ताव्यस्त ठेवताच त्याचे श्रेष्ठत्व जवळजवळ नाहीसे झाले. याचा अर्थ त्याची स्मरणशक्ती असामान्य नव्हती. अर्थपूर्ण रचना त्याला एकसंध दिसत होत्या. कारागिराला 'मध्यम पाक' असाच एकसंध दिसतो. त्यातील गंध किती, आवाज किती, स्पर्श किती, हे वेगळे काढून सांगण्यासाठी त्याला स्वतःचीच ओळख उसवावी लागते.

२. काही ज्ञान शरीराचे असते. मायकेल पोलान्यी या शास्त्रज्ञ-तत्त्वचिंतकाने १९५८ आणि १९६६ सालच्या आपल्या ग्रंथांतून हा विचार मांडला की, माणसाला जे कळते त्यातील बराच भाग त्याला शब्दांत मांडता येत नाही. सायकल चालविणाऱ्याला तोल सांभाळता येतो. तोलाचे नियम सांगता येतातच असे नाही. आपल्या घरातील उदाहरण याहून जवळचे आहे. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे पाकाचे प्रकार आपल्या आई-आजींनी अंगठा आणि तर्जनी यांमध्ये ओळखले. रव्याचे लाडू पुस्तक वाचून करणाऱ्या सुनेचा पाक कधी कच्चा राहतो, कधी पुढे जातो. अवलेहाची तंतुमत्त्व, पाण्यात बुडणे आणि दाबल्यावर बोटाचा ठसा उमटणे ही लक्षणे म्हणजे याच गृहविद्येचे शास्त्रीय रूप होय.

३. आपण कधी नवशिके होतो हे विसरले जाते. १९८९ साली काही अर्थशास्त्रज्ञांनी या प्रवृत्तीला 'ज्ञानाचा शाप' असे नाव दिले. एकदा एखादी गोष्ट कळली, की ती न कळणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवणे कठीण होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली केलेला प्रयोग फार बोलका आहे. एकाने परिचित गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणे ओळखायचे. वाजविणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी केवळ ३ ओळखली गेली. वाजविणाऱ्याच्या मनात संपूर्ण चाल वाजत असते, ऐकणाऱ्याला केवळ टकटक ऐकू येते. वाचकांनी घरी गणपतीच्या नेहमीच्या आरतीचा ठेका वाजवून पाहावा. आपण 'मंद आच', 'थोडे घट्ट', 'जड नाडी' असे शब्द विद्यार्थ्यासमोर उच्चारतो, तेव्हा आपल्या मनात संपूर्ण चाल असते.

४. आपण कशावरून ओळखले हे तज्ज्ञालाही नेमके ठाऊक नसते. हे कारण सर्वांत नाजूक आहे. नाडीपरीक्षेचे उदाहरण घेऊ. रुग्णाने दारातून आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत अनुभवी वैद्याने त्याची चाल, आवाज, त्वचेचा वर्ण, डोळे, श्वासाची गती आणि सोबत आलेल्या नातेवाइकाची मुद्रा पाहिलेली असते. मग बोटे मणिबंधावर टेकतात आणि निदान उच्चारले जाते. शिष्य समजतो की हे नाडीतून कळले. बहुधा गुरूही तसेच समजतो. परिणामी शिष्य वर्षभर केवळ नाडीवर लक्ष देतो आणि खरे निदान जेथून झाले तिकडे पाहातच नाही. अशा वेळी तज्ज्ञाने दिलेले स्पष्टीकरण प्रामाणिक असूनही अपुरे असते.

नाडीच्याच संदर्भात शार्ङ्गधराचार्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. बृहत्त्रयीत न आढळणारे नाडीपरीक्षेचे वर्णन त्यांनी पूर्वखंडात केले आणि त्यासाठी प्राण्यांच्या गती निवडल्या : वातासाठी जळू आणि साप, पित्तासाठी कावळा आणि बेडूक, कफासाठी हंस आणि पारवा. स्पर्शाचा अनुभव शब्दांत बसत नाही, म्हणून विद्यार्थ्याने आधीच पाहिलेल्या गतीचा आधार त्यांनी दिला. अध्यापनाची ही उत्तम युक्ती आहे. परंतु आजच्या विद्यार्थ्याने जळू चालताना पाहिलेली नसते, हंस तर चित्रातच पाहिलेला असतो. उपमा कायम राहिली आणि उपमान नाहीसे झाले. आधी जळू आणि बेडूक दाखवावेत, मग नाडी दाखवावी, असे म्हणण्याची वेळ आली आहे.

न सांगितलेले सारेच अवर्णनीय नसते

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'हे अनुभवानेच येते' या वाक्याला आपण फार लवकर शरण जातो. कोंबडीच्या एक दिवसाच्या पिलांतील नर-मादी ओळखणे हे अतिशय अवघड कौशल्य मानले जाते. त्यासाठी प्रदीर्घ सराव लागतो असा समज आहे. १९८७ साली बीडरमन आणि शिफ्रार या संशोधकांनी एका निष्णात परीक्षकाच्या साहाय्याने नेमके कोठे पाहायचे आणि कोणता आकार पाहायचा हे शोधून ते थोडक्यात लिहून काढले. अननुभवी लोकांना छायाचित्रे दाखविली असता त्यांची अचूकता सुमारे ६० टक्के होती. ती छोटी सूचना वाचल्यावर ८४ टक्क्यांवर गेली. जे अवर्णनीय वाटत होते त्यातील मोठा भाग केवळ कोणी नीट विचारला नव्हता.

दुसरे उदाहरण उद्योगातील आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीला १९८५ च्या सुमारास घरगुती पाव भाजण्याचे यंत्र करावयाचे होते. पाव काही केल्या नीट होईना. तेव्हा इकुको तानाका या कर्मचारी ओसाका येथील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवार म्हणून राहिल्या. कणीक ताणताना तो तिला एक विशिष्ट पीळ देतो हे त्यांच्या लक्षात आले. त्या निरीक्षणावरून अभियंत्यांनी यंत्राच्या आतील रचना बदलली आणि पाव साधला. पाववाल्याने काही लपविले नव्हते. तो पीळ सांगण्याजोगा आहे हेच त्याला जाणवले नव्हते.

याउलट उदाहरणही आहे. हॅरी कॉलिन्स या अभ्यासकाने एका प्रकारच्या लेसर यंत्राबाबत ब्रिटनमधील प्रयोगशाळांची पाहणी करून १९७४ साली निष्कर्ष मांडला की, केवळ प्रसिद्ध झालेले लेख वाचून कोणालाही चालणारे यंत्र करता आले नाही. ज्यांनी केले त्यांचा ते आधी केलेल्या व्यक्तीशी प्रत्यक्ष संबंध आलेला होता. आधुनिक भौतिकशास्त्रातही गुरुगृही जावे लागते, तर आपण संकोचण्याचे कारण नाही.

यावरून आपल्या कामासाठी न सांगितलेल्या ज्ञानाचे तीन भाग करणे सोयीचे ठरेल. पहिला, मुद्दाम न सांगितलेले. 'घराण्याचा गुप्त योग', 'हातगुण' अशा नावांखाली हे राखले जाते. यावर उपाय मनाच्या मोकळेपणाचा आहे. दुसरा, कोणी न विचारल्यामुळे राहून गेलेले. माझ्या अनुभवानुसार हा भाग सर्वांत मोठा आहे. तिसरा, खरोखर हातानेच येणारे. त्याला सरावाशिवाय पर्याय नाही. तिन्हींना 'अनुभव' हे एकच नाव देण्याने आपली हानी होते.

आचार्यांनी दाखविलेली वाट

या बाबतीत आपली परंपरा मुळीच मुकी नाही. चरकाचार्यांनी वैद्याच्या चार गुणांत शास्त्रज्ञानाच्या जोडीला बहुशो दृष्टकर्मता ठेवली, म्हणजे कर्म पुन्हा पुन्हा पाहिलेले असणे. वाग्भटाचार्यांनी दोषभेदीय अध्यायात रत्नपारख्याचा दाखला देऊन अभ्यासाने येणाऱ्या दृष्टीचे महत्त्व सांगितले. सुश्रुताचार्य तर याच्याही पुढे गेले. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात त्यांनी प्रत्येक शस्त्रकर्मासाठी सरावाचे साधन नेमून दिले : छेदनासाठी भोपळा, काकडी, कलिंगड यांसारखी फळे, भेदनासाठी पाणी किंवा चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशव्या, लेखनासाठी केसाळ कातडे, वेधनासाठी मृत जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ, एषणासाठी किडीने पोखरलेले लाकूड, सीवनासाठी जाड-पातळ वस्त्रांच्या आणि मऊ कातड्याच्या कडा, बंधनासाठी माणसाच्या आकाराची बाहुली.

या यादीचे मर्म असे की, आचार्यांनी 'सवयीने येईल' असे म्हणून हात झटकले नाहीत. एक अवघड कर्म त्यांनी सुटे केले, प्रत्येक भागाला चुकण्यास हरकत नाही असे साधन दिले, आणि मगच रुग्णाकडे नेले. शस्त्रकर्मासाठी योग्या आहे. मग स्नेहपाकासाठी, भस्मपरीक्षेसाठी, नाडीसाठी आपली योग्या कोठे आहे?

मराठीतही या वाटेवर चाललेले पूर्वसूरी आहेत. अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी 'औषधिगुणधर्मशास्त्र' लिहून एकेका कल्पाचा उपयोग कोणत्या अवस्थेत होतो हे मराठीत विस्ताराने मांडले. केवळ 'ज्वरावर अमुक' असे न लिहिता कोणत्या ज्वरात, कोणत्या लक्षणांत, हे सांगण्याचे कष्ट त्यांनी घेतले. राष्ट्रीय पातळीवर १९८८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने गुरु-शिष्य परंपरेचे अभ्यासक्रम सुरू करून पदवीनंतरही गुरूजवळ बसण्याची गरज मान्य केली.

आपल्या रसशाळेत आणि चिकित्सालयात काय करता येईल?

पुढील सूचना खर्चिक नाहीत. लहानात लहान औषधनिर्मात्यालाही त्या अमलात आणता येतील.

१. तुलनेचे नमुने ठेवावेत. एकाच तेलाचे आम, मृदू, मध्यम, खर आणि दग्ध अशा पाच अवस्थांतील कल्क व स्नेह लहान प्रमाणात मुद्दाम तयार करावे आणि उमेदवाराला डोळे मिटून बोटांनी ओळखावयास लावावे. नुसता योग्य पाक शंभर वेळा पाहून जे कळत नाही, ते योग्य आणि अयोग्य शेजारी ठेवल्यावर एका दिवसात कळू लागते. नमुने जुने झाल्यावर बदलावेत. भस्मांसाठीही हेच करावे. वारितर, रेखापूर्णता, निश्चंद्रता या परीक्षांत उतरलेले भस्म आणि एक-दोन पुटे कमी पडलेले भस्म एकत्र दाखवावे. ताम्रभस्म दह्यात टाकल्यावर हिरवट-निळी छटा येते ती सदोष नमुन्यात एकदा प्रत्यक्ष दाखविली, की ती आयुष्यभर विसरली जात नाही. येथे चूक औषधात राहिली तर ती रुग्णाच्या पोटात जाते, याची जाणीव त्याच वेळी द्यावी.

२. प्रश्न बदलावा. "तुम्हाला कसे कळते?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. "आत्ता लाकूड मागे ओढले, त्याच्या आधी काय पाहिले?" किंवा "कालच्या कढईपेक्षा आज काय वेगळे आहे?" असे प्रश्न कृती चालू असतानाच विचारावेत. काम संपल्यावर विचारल्यास कारागीर ग्रंथातील किंवा ऐकीव उत्तर देतो. कामाच्या क्षणी विचारल्यास खरी खूण सांगतो.

३. मधला माणूस नेमावा. तीस वर्षांच्या अनुभवी व्यक्तीपेक्षा दोन वर्षांपूर्वी शिकलेल्या उमेदवाराला नवशिक्याच्या अडचणी अधिक आठवतात. शिकविण्याचे पहिले काम त्याच्याकडे द्यावे आणि तपासणीचे काम ज्येष्ठांकडे ठेवावे.

४. उपकरण हे हाताचे दुभाषी समजावे. कढईत पाण्याचा अंश आहे तोवर उष्णतामान साधारणपणे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, कारण उष्णता वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपत आले की ते वर चढू लागते. 'तेल बोलायचं थांबणे' आणि उष्णतामापकाचा काटा हलणे या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. उमेदवाराने काटा पाहात पाहात कान तयार करावा. कारागिराने 'आता' म्हणताच वेळ, उष्णतामान, फेसाचे स्वरूप, भांड्याचा आकार आणि ऋतू यांची नोंद करावी. वर्षभराच्या अशा नोंदी म्हणजे त्या रसशाळेचा स्वतःचा ग्रंथच होय. मात्र काटा आला म्हणून वातीची परीक्षा सोडू नये. क्षीरबला तैलासारख्या कल्पात दुधाचा घन अंश तळाशी बसतो आणि तेथे नुसत्या काट्यावर विसंबणे धोक्याचे असते.

५. चिकित्सालयात शिष्याने आधी बोलावे. आंतरवासीयाने रुग्ण आत येताच जे दिसले ते लिहावे, मग नाडी पाहावी, मग आपले अनुमान सांगावे. त्यानंतरच वैद्याने आपले मत द्यावे. वैद्य आधी बोलला तर शिष्याच्या बोटांना तेच जाणवू लागते. दोन मतांत फरक पडला तर कोणत्या खुणेमुळे पडला याची चर्चा करावी. चरकाचार्यांनी विमानस्थानात अध्ययन आणि अध्यापन यांच्या बरोबरीने तद्विद्यसंभाषेला ज्ञानवृद्धीचा उपाय म्हटले आहे, ते याचसाठी. अशा चर्चेत वैद्यालाही आपण खरोखर कशावरून ओळखतो हे उलगडू लागते.

काही सन्मान्य सहकारी असा आक्षेप घेतील की, सर्व काही लिहून ठेवल्यास विद्येचे यंत्र होईल आणि हाताचे मोल कमी होईल. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. वर सांगितलेला तिसरा भाग कितीही लिहिले तरी हाताशिवाय येणार नाही. म्हणून हाताचे मोल राहणारच. मात्र दुसरा भाग लिहून ठेवला, तर नव्या माणसाची पहिली पाच वर्षे चाचपडण्यात जाणार नाहीत आणि त्याचा हात लवकर तयार होईल. दुसरा आक्षेप व्यापाराचा असतो : शिकविलेला उमेदवार दुसरीकडे निघून गेला तर? तो जाऊ शकतो, हे खरे. पण न शिकवता राहिलेली रसशाळा एकाच माणसाच्या प्रकृतीवर अवलंबून राहते, आणि ती जोखीम त्याहून मोठी आहे.

शेवटी एक विनंती. प्रत्येक औषधनिर्मात्या सभासदाने येत्या तीन महिन्यांत आपल्या ज्येष्ठतम कारागिराजवळ एका कल्पाच्या निर्मितीच्या वेळी आरंभापासून शेवटपर्यंत बसावे, वरील पद्धतीने प्रश्न विचारावेत आणि मिळालेली उत्तरे त्याच्याच शब्दांत लिहावीत. 'तेल बोलायचं थांबलं' हे त्याचे शब्द पारिभाषिक संज्ञेत घालण्याची घाई करू नये. त्याच्या कानाने जे ऐकले ते त्याच शब्दांत आहे. नोंदीवर त्या कारागिराचे नाव, त्याच्या संमतीने, अवश्य लिहावे. ग्रंथकारांची नावे आपण आदराने घेतो. ज्यांनी ग्रंथातील वाक्य प्रत्यक्ष कढईत उतरविले त्यांची नावे बहुधा कोठेच लिहिली गेली नाहीत. निदान पुढच्या पिढीच्या बाबतीत तरी हे होऊ नये.